पश्चिमेकडचा वाफा

"बाई, नाक धरू नका. त्येला कळतं."

हैबतीनानांनी ड्रमावरचं ओलं गोणपाट बाजूला सारलं आणि बांबूच्या काठीनं आतलं ढवळायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे, संथ, न थांबता. मी नाकावरचा पदर खाली घेतला, पण श्वास रोखूनच धरला.

"कोणाला कळतं?"

"खताला. तोंड वाकडं करून ढवळलं की नीट आंबत न्हाई."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. आयुर्वेदाची एम.डी. करून कोयनेच्या काठी एका लहानशा महाविद्यालयात द्रव्यगुण शिकवत होते. ड्रममधला काढा माणसाचं तोंड ओळखतो यावर विश्वास ठेवणं माझ्या पदवीला शोभलं नसतं. तरी मी गुपचूप तोंड सरळ केलं.

ड्रममध्ये शेण होतं, गोमूत्र होतं, गूळ, उडदाचं पीठ, करंजाचा पाला, वडाखालची मूठभर माती, आणि आणखी काहीतरी होतं. जुन्या ग्रंथांत या प्रकाराला कुणपजल म्हणतात आणि त्यात मासळी लागते. आमची संस्था इतकी सोवळी की वसतिगृहात कांदासुद्धा मागच्या दारानं यायचा. म्हणून कागदावर मी मासळीच्या जागी उडीद लिहिला होता. पण वास उडदाचा नव्हता.

"नाना, यात मासे आहेत का?"

"तुमी इचारू नका, मी सांगत न्हाई. दोगांनाबी खोटं बोलाय नको."

हे सगळं चाललं होतं ते गांजासाठी. असं लिहिलं की माझ्या मुलीला अजून हसू येतं. सरकारी कागदांवर त्याचं नाव होतं विजया, ग्रंथांतही विजया, पण गावात कोण कशाला विजया म्हणतंय! मला बघितलं की भाजीवाली शेजारणीला सांगायची, गांजाची बाई आली. आमच्या औषधी बागेला अभ्यासासाठी चोवीस झाडं लावायची परवानगी मिळाली होती. चोवीस म्हणजे चोवीस, पंचविसावं उगवलं तर उपटून त्याची नोंद करायची. भोवती काटेरी तार, फाटकाला कुलूप, एक किल्ली माझ्याकडे, एक नानांकडे. हंगाम संपला की उत्पादन शुल्क खात्याचे निरीक्षक येणार, झाडं मोजणार आणि समोर उभं राहून जाळून टाकायला लावणार.

प्रयोग मीच आखला होता. दोन वाफे, बारा-बारा झाडांचे. पूर्वेकडच्या वाफ्याला आठवड्यातून दोनदा नानांचं खत. पश्चिमेकडच्या वाफ्याला नुसतं पाणी. माती दोन्हीकडे सारखीच भिकार, मुरमाड, जिच्यात गवतसुद्धा रडतखडत यायचं. मार्गशीर्षात दोन्ही वाफे मोजायचे आणि फरक दाखवायचा.

त्या फरकावर नानांचं सगळं अवलंबून होतं. सतरा वर्षं ते बागेत रोजंदारीवर होते. बागेच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत ते आणि चंद्राक्का, त्यांची बायको, राहत होते. संस्थेच्या डोक्यात बाग कंत्राटदाराला द्यायचं घोळत होतं. तो स्वतःची माणसं आणणार होता आणि स्वतःच्या खताच्या गोण्याही. प्राचार्य देवस्थळींनी मला केबिनमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "अध्यक्षांना आकडे आवडतात. हैबतीच्या खतानं झाडं दुपटीनं वाढली असं कागदावर आलं, तर मी त्याला कायम करून घेतो. माळी म्हणून, पगारावर, खोलीसकट. नाही आलं तर माझा नाइलाज."

मी हे नानांना सांगायला गेले तर त्यांना आधीच माहीत होतं. "हां, सायेब बोललं मला," एवढंच म्हणाले आणि पुन्हा ढवळायला लागले.

पुढचे चार महिने मला नीट क्रमानं आठवत नाहीत. एखाद्या दुपारी डोळा लागावा आणि मध्येच कोणी हाक मारून जावं, तसे तुकडे आठवतात. तास संपले की मी कुलूप उघडून आत जायची, वहीत नोंद करायची, सही करायची. पूर्व: कुणपजल. पश्चिम: पाणी. मग तिथेच दगडावर बसून राहायची. आश्विनात झाडं माझ्या खांद्याला आली. कार्तिकात डोक्यावर गेली. ऊन उतरतीला लागलं की त्यांना वास सुटायचा, चिकट, गोडसर, थोडा कडवट. तो वास नुसता नाकात जात नसे, वेळेतही जात असे. मी पाच मिनिटं म्हणून बसायची आणि नदीवरून गार वारा यायला लागला की कळायचं, सहा वाजून गेले. पानं हलायची, लांब बोटांची, एकेक बोट वेगळं. त्या हिरव्या उजेडात नाना इकडून तिकडे जाताना दिसायचे, खांद्यावर कावड, पायांचा आवाज नाही. कधी वाटायचं हे सगळं मी कुठल्या तरी जन्मात आधी बघितलंय. आई म्हणायची, तुला लग्नाचं वय टळून गेल्याचंही भान नाही. खरंच नव्हतं. मी सुखात होते, एवढं मला पक्कं आठवतं.

या सुखात एकच खडा होता. पश्चिमेकडचा वाफाही जोरात होता.

आधी मला वाटलं, नजरेचा दोष. मग वाटलं, खताचं पाणी जमिनीतून पाझरत असेल. मी दोन वाफ्यांमध्ये हातभर खोल चर खणायला सांगितला. नानांनी निमूटपणे खणला. काही फरक पडला नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर मी शिंप्याची टेप घेऊन एकेक झाड मोजलं. पूर्वेकडची सरासरी सात फूट दोन इंच. पश्चिमेकडची सात फूट एक इंच. खोडाची जाडी सारखी, फांद्या सारख्या, फुलोराही सारखा.

"नाना, हे कसं?"

"झाडं चांगली आली की बाई." ते कौतुकानं वर बघत होते.

"चांगली आली, पण सगळीच आली. मग तुमच्या खताचं काय?"

"येतील की. समदीच का येऊ नयेत?"

मला त्यांचा राग आला. माणूस आपल्याच पोटावर येणाऱ्या गोष्टीकडे असा हसून कसा बघू शकतो, हे मला कळेना. रात्री मी सगळे आकडे पुन्हा मांडून बघितले, मग दिवा मालवून रडले.

अध्यक्ष आणि निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी देवस्थळी स्वतः बागेत आले. पायजम्याला कुसळं लागू नयेत म्हणून तो दोन्ही हातांनी वर धरून उभे राहिले आणि मी दिलेला कागद वाचला.

"एक इंच?"

"हो सर."

"कोरान्नेबाई, एका इंचावर मी माणूस कायम करू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. देवस्थळी वाईट नव्हते, भित्रे होते. "हे बघा, झाडांची शेंडाखुडी मी तुम्हाला शिकवायला नको. पश्चिमेकडच्या झाडांचे शेंडे वाढले नाहीत म्हटलं तर कोण बघायला बसलंय? आणि तुमच्या प्रपाठकपदाची फाइलही उद्याच अध्यक्षांपुढे, अण्णासाहेबांपुढे जायची आहे. प्रयोग यशस्वी झाला तर दोघांचंही भलं."

एवढं बोलून ते गेले. ते तसं बोलले की मीच तसं ऐकलं, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला विचारलं. बोलले होते.

पहाटे मी बागेतली मोठी कात्री घेऊन निघाले. कोयनेवरून धुकं चढलं होतं. त्या दिवसांत तिथं धुकं असं यायचं की आपलाच हात लांब केला तर बोटं दिसत नसत. मी फाटक चाचपडत शोधलं. कुलूप उघडंच होतं. झाडांचा वास धुक्यात भिजून जड झाला होता आणि त्यात दुसराही एक वास होता, ड्रममधला.

मग मला आवाज आला. कोणी तरी अगदी हळू, आर्जवानं बोलत होतं.

"घ्या. सावकाश घ्या. हां. तुमाला? थोडं तरी. नगं म्हनू नका, आज शेवटचंच हाय."

मी पुढं झाले. धुक्यात आधी बादली दिसली, मग हात, मग नाना. बादली डाव्या हातात, उजव्या हातात जेवणावळीत आमटी वाढायचं लांब दांड्याचं ओगराळं. ते पश्चिमेकडच्या वाफ्यात होते. एका झाडाच्या बुंध्याशी वाकायचे, ओगराळं ओतायचे, सरळ व्हायचे, पुढच्या झाडाकडे जायचे. पाऊलभर अंतर सोडून, पानावरून पाय जाऊ नये तसे.

मी किती वेळ बघत उभी राहिले सांगता येत नाही. शेवटी हातातली कात्री फाटकाला लागून वाजली.

"बाई? एवड्या पहाटंचं?"

"नाना, हा पश्चिमेकडचा वाफा आहे."

"व्हय."

"याला पाणी घालायचं होतं. नुसतं पाणी."

"व्हय. ठरलं हुतं तसं."

"कधीपासून घालताय?"

"तिसऱ्या दिसापासनं." त्यांनी बादली खाली ठेवली. लपवाछपवी नाही, ओशाळणं नाही. "बाई, मी गावातल्या समद्या लग्नांत वाढाय असतो. पंदरा वर्साचा हुतो तवापासनं. येका मांडवात दोन पंगती बसवायच्या, येकीच्या पानात बुंदी वाढायची आन् दुसरीला निस्तं पानी? समोरासमोर? त्यो पंगतभेद झाला. त्ये माज्या हातनं व्हायचं न्हाई."

"ही माणसं नाहीत नाना. झाडं आहेत."

"भूक सारकीच की. ही इकडं बगत हुती, मी तिकडं वाढत हुतो. दोन दिस कळ काडली. तिसऱ्या दिशी न्हाई ऱ्हावलं."

मी तिथंच दगडावर बसले. म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतरच सगळं संपलं होतं. त्यानंतरच्या चार महिन्यांच्या माझ्या नोंदी, टेप, चर, रडणं, सगळं फुकट. 

"तुमची नोकरी या फरकावर होती. तुम्हाला माहीत होतं."

"ठावं हुतं."

"मग?"

नाना माझ्यासमोर उकिडवे बसले. "मला वाटलं, सायेब लोक येतील, बगतील. हितं कुसळ उगवत नव्हतं. तितं चोवीसच्या चोवीस झाडं मानसाच्या वर गेली. ह्येच्यापरीस आनि काय दावायचं असतं, बाई? निम्मी उपाशी मारून दावायची?"

त्याला माझ्याकडे उत्तर होतं, पुस्तकातलं. ते मी दिलं नाही. कारण ते जे म्हणत होते ते खरं होतं: त्या मुरमातून ती झाडं त्यांच्याच खतानं उभी राहिली होती. फक्त ते सिद्ध करायची एकच वाट होती आणि ती त्यांनी ओगराळ्या-ओगराळ्यानं बुजवून टाकली होती.

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "दोन्ही वाफ्यांना खत होतं, म्हणून फरक नाही. प्रयोग पुन्हा करू. शेजारच्या पडीक जागेत काय उगवतं ते दाखवू. मी सगळं खरं सांगते."

"बरं," नाना म्हणाले. लहान मुलानं म्हणावं तसं ते म्हणाले आणि मला फार बरं वाटलं. मी कात्री न वापरता परत नेली.

अकरा वाजता मंडळी आली. धुकं गेलं होतं, ऊन कोवळं होतं, आणि झाडं त्या उन्हात इतकी सुंदर दिसत होती की अध्यक्ष अण्णासाहेब फाटकातच थबकले. "वा!" म्हणाले. निरीक्षकांनी झाडं मोजली. चोवीस. मग त्यांनी माझी नोंदवही मागितली आणि पानन् पान चाळली.

अण्णासाहेब एका वाफ्याकडून दुसऱ्याकडे गेले. परत आले. "डॉक्टर, खत कुठल्या वाफ्याला?"

"पूर्वेकडच्या."

"आणि याला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात निरीक्षक वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "रोजच्या नोंदीवर तुमचीच सही आहे ना, मॅडम? नाही, विचारलेलं बरं. या झाडांच्या बाबतीत खोटी नोंद आढळली की सही करणाऱ्यावर येतं. परवाना तर जातोच."

ते सहज म्हणाले. धमकी नव्हती, रोजचं काम होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या सह्या आल्या, निळ्या शाईच्या, वळणदार. पश्चिम: पाणी. पश्चिम: पाणी. मी एकदाही स्वतः बघितलं नव्हतं. मी दगडावर बसून पानं हलताना बघत होते. अण्णासाहेब थांबले होते. देवस्थळी बुटाच्या टोकानं माती उकरत होते. मला वाटलं मी बोलतेय. खरंच वाटलं, स्वप्नात वाटतं तसं, की शब्द निघाले, वाक्य पूर्ण झालं, आता फक्त त्यांनी ऐकायचं राहिलंय. पण माझे ओठ हलले नव्हते.

अण्णासाहेब कंटाळून नानांकडे वळले. "काय रे, तू सांग. याला काय घातलंस?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, एक क्षणभर. मग त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला.

"निस्तं पानी, सायेब. नदीचं."

"नक्की? दुसरं काही नाही?"

"न्हाई. ह्या बाईंनी सांगितलं तसंच समदं केलं."

अण्णासाहेब हसले. "म्हणजे पाण्यावरसुद्धा एवढीच येतात! मग तुझा तो घाणेरडा ड्रम हवाय कशाला?" देवस्थळीही हसले. निरीक्षकांनी वहीवर शिक्का मारला. मी तिथंच उभी होते, सगळ्यांच्या मध्ये. अजूनही वेळ होता. कोणी माझं तोंड धरलं नव्हतं.

झाडं नानांनाच उपटायला लावली. चोवीसही त्यांनी मुळांसकट काढली, माती झटकून एकावर एक रचली, आणि मग कुठलं पूर्वेचं आणि कुठलं पश्चिमेचं ते ओळखायची सोयच राहिली नाही. धूर जाड होता, तो वर चढेना, बागेतच रेंगाळत राहिला. निरीक्षकांना शिंका आल्या. अण्णासाहेब गाडीत जाऊन बसले. पंचनाम्यावर मी सही केली.

सगळे गेल्यावर मी नानांजवळ गेले. ते काठीनं निखारे सारत होते.

"नाना, खोटं का बोललात?"

"तुमी बोलत नव्हता म्हनून."

मला वाटतं यापेक्षा मोठी शिवी मला आयुष्यात कोणी दिलेली नाही. त्यांनी ती शिवी म्हणून दिली नव्हती. विचारलं, म्हणून सांगितलं.

"मी आत्ता जाते. देवस्थळींना सांगते."

"नगं बाई. त्या वहीत तुमची सही हाय. पोलिसाचं लफडं हाय ते. माजं काय, सतरा वर्सांत माजी सही कुटंच न्हाई. मला कोन धरतंय?"

"पण तुमची खोली, चंद्राक्का..."

"जावयाकडं जागा हाय. लई न्हाई, हाय." त्यांनी काठीनं एक निखारा उलटा केला. "झाडं मातुर झकास आली हुती. आली हुती का न्हाई?"

"आली होती, नाना."

"बास मंग."

महिन्याच्या आत कंत्राटदार आला. नाना आणि चंद्राक्का कोणत्या दिवशी गेले मला माहीत नाही. मी त्या आठवड्यात बागेकडे फिरकले नाही. जाईन, जाईन असं रोज म्हणत होते, आणि रोज काही ना काही निघत होतं.

प्रयोगाचा अहवाल मात्र मला द्यायचा होता. कार्यालयातला टंकलेखक रजेवर होता, म्हणून मी यंत्र घरी आणलं. वाटेत ठरवलं होतं की या कागदात तरी खरं लिहायचं. तीन दिवस कागद यंत्रात अडकवून ठेवला. आई जेवायला हाका मारायची. तिसऱ्या दिवशी प्रपाठकपदाचं पत्र आलं. संध्याकाळी मी खिडकी लावली, यंत्रासमोर बसले आणि टाइप केलं: पश्चिमेकडील वाफ्यास केवळ पाणी देण्यात आले. सेंद्रिय खताचा कोणताही परिणाम दिसून आला नाही. एका बैठकीत पूर्ण केलं. सगळ्या अहवालात एकही खाडाखोड नव्हती.